रात्रीत उतरणारी बॅटरी: जुन्या गाडीतली करंटची गळती कशी शोधावी

संध्याकाळी गाडी नीट लावायची आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. चार जणांनी धक्का दिला की चालू होते, आठ दिवस सुरळीत जातात आणि मग पुन्हा तेच. आमच्या 2005 सालच्या पेट्रोल गाडीने दोन वर्षं असं छळलं. तेवढ्यात आम्ही दोन बॅटऱ्या बदलल्या, आणि काढून टाकलेल्या दोन्ही चांगल्या निघाल्या. म्हणून कळकळीने सांगतो, मीटर लावून मोजल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका.

सामान फार लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, 10 नंबरचा पाना, फ्यूज उपटायचा छोटा चिमटा आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची. गाडी कधी बसते ते तारखेसकट लिहून ठेवा. रोज चालवली तर ठीक, पण दोन दिवस उभी राहिली की बसते, असं असेल तर गाडी उभ्या-उभ्या करंट खाते आहे. लांबचा प्रवास करून आल्यावरही सकाळी बसत असेल तर चार्जिंगवर संशय घ्या. पावसाळ्यातच त्रास होत असेल तर अर्थिंगच्या (बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या वायरींच्या) जोडांत ओल आणि गंज शोधायचा.

आधी सोपं बघून घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल सोडताना मायनस आधी सोडायचा आणि जोडताना शेवटी जोडायचा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. मग मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. रात्रभर उभी असलेली, पूर्ण भरलेली बॅटरी 12.6च्या आसपास दाखवते. 12च्या खाली आली असेल तर ती रिकामीच समजा. इंजिन चालू असताना आकडा 13.8 ते 14.5च्या मध्ये हवा. 13च्या आसपासच रेंगाळला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) आणि त्याचा बेल्ट तपासून घ्या.

हे सगळं ठीक असेल तर खरी गळती शोधायची. इथे घाई करू नका.

किल्ली काढून घ्या. दार उघडं ठेवावं लागणार, म्हणून दाराच्या चौकटीतलं दिव्याचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा. मायनस टर्मिनल सोडा. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला आणि बटण फिरवून 10 अँपिअर डीसीवर आणा. काळी टोचणी बॅटरीच्या मायनस खुंटीला आणि लाल टोचणी सोडलेल्या केबलला लावा. आता गाडीचा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, इग्निशनही चालू करू नका, मीटर जळेल.

सेंट्रल लॉक किंवा अलार्म असलेल्या गाडीत वीस-तीस मिनिटं थांबा, सगळी यंत्रणा झोपायला तेवढा वेळ लागतो. मग आकडा वाचा. 0.02 ते 0.05 अँपिअर म्हणजे घड्याळ आणि स्टिरिओच्या मेमरीचा खर्च, त्याची काळजी नको. आमच्या मीटरवर 0.43 दिसत होतं.

आता एकेक फ्यूज उपटायचा, मीटर बघायचा, तोच फ्यूज त्याच जागी परत बसवायचा आणि वहीत नोंद करायची. तिसऱ्या की चौथ्या फ्यूजला आमचा आकडा धपकन 0.02वर आला. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर बघितलं तर आतल्या दिव्यांची लाइन. केबिनचा दिवा तर बंद होता! मग मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला आणि डिकी लावली. व्हिडिओत उजेड तसाच. पाच वॅटचा एवढासा दिवा, बटणाची पट्टी वाकल्यामुळे रात्रंदिवस जळत होता. दिवसाला सुमारे 10 अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते, म्हणजे शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी सेल्फ फिरेल कसा? डिकी उघडून हात लावला तर दिव्याची काच चटका बसेल इतकी गरम होती.

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर बॅटरीवरून थेट घेतलेल्या वायरी बघा: बाहेरून बसवलेला हॉर्न, फॉग लॅम्प, जीपीएस. अल्टरनेटरच्या आतला डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतो. मायनस सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. स्टिरिओ मागाहून बसवलेला असेल तर त्याच्या पिवळ्या आणि लाल वायरी एकत्र पिळलेल्या नाहीत ना, ते जरूर पाहा. पिवळीला कायम करंट असतो, लाल किल्लीवर चालते. दोन्ही एकत्र जोडल्या की तो सेट कधी झोपतच नाही.

गळती नाही, तरी सेल्फ मरतुकडा फिरतो? मीटर पुन्हा व्होल्टवर आणा, लाल वायर मीटरच्या नेहमीच्या भोकात परत घाला. एक टोचणी मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. काढून, घासून किंवा बदलून बसवा.

आणि फ्यूज सारखा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा घालू नका, तार तर नकोच. आतली वायर वितळून गाडी पेटू शकते.

दुरुस्ती झाली की रात्री आणि सकाळी व्होल्ट मोजून वहीत लिहा. बटण बदलल्यावर आमच्याकडे रात्री 12.62 होतं, सकाळी 12.59.