उष्ण हवेत बटाट्याची छाट कलमं

निरोगी, रोगमुक्त बेण्याला कोंब आणून कुंडीत लावा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. बगलेतून फुटवे येतील. कलमं त्यांचीच.

आता खरी मेख. ‘कुठलीही फांदी खोचा, मुळं फुटतात’ हा सल्ला मला सरसकट चुकीचा वाटतो. मी एकदा दोन महिन्यांच्या, कळ्या धरलेल्या रोपाच्या जाडजूड फांद्या लावल्या. तीन आठवडे त्या हिरव्यागार दिसत होत्या. उपटल्या तेव्हा मुळं नावाला, आणि पानाच्या बगलेत वाटाण्याएवढे बटाटे! रोप म्हातारं झालं होतं. बटाटे पोसायचं काम सुरू झालेल्या फांदीला वाढायचं नसतं.

म्हणून जाडी बघू नका, पान बघा. कोवळ्या फुटव्याचं पान साधं, गोलसर, एकसंध असतं. त्याच देठावर चार-पाच पानं जोडीनं दिसू लागली की फुटवा जून झाला. तो घेऊ नका. उष्ण कटिबंधात दिवस बारा तासांच्या आसपासचा, त्यामुळे रोप बटाटे पोसायची घाई करतं. मातृरोपांवर, म्हणजे ज्यांची कलमं घ्यायची त्या रोपांवर, संध्याकाळी एलईडी दिवा लावून उजेड 16 तासांपर्यंत न्या आणि शेंडे खुडत राहा, म्हणजे ती कोवळी राहतात. पानांवर पिवळे-हिरवे ठिपके किंवा मुरड दिसली तर ते मातृरोप काढूनच टाका. विषाणू कलमातून जसाच्या तसा पुढे जातो.

सकाळी, स्वच्छ पात्यानं 5-7 सेंटिमीटरचा शेंडा कापा, खालचं पान काढा आणि ते पेर ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरा. मुळं फुटायला संप्रेरकाची पावडर लागत नाही.

इथे दुसरी चूक होते ती पाण्याची. उकाड्यात कलम मान टाकतं, आपण पाणी ओततो, आणि चौथ्या दिवशी बुडखा काळा पडतो. कोकोपीट मुठीत दाबल्यावर थेंबही गळता कामा नये. कलमांना सावली द्या, पानांवर बारीक फवारा मारा. मुळाशी पाणी नको.

साधारण दोन आठवड्यांत मुळं धरतात. मग संध्याकाळी, खालची एक-दोन पेरं मातीत जातील इतकं खोल कलम लावा, पुढे बुंध्याला मातीची भर द्या.

लावणीची वेळ मात्र रात्रीच्या गारव्यावरून ठरवा. बटाटा पोसायला रात्री 15 ते 20 अंश लागतात. रात्री 25 च्या वर राहिल्या तर झाड माजतं, खाली काही धरत नाही. तोवर मातृरोपं सावलीत जपा.