उभयचर एटीव्ही वळत नाही? गिअरबॉक्स उघडण्याआधी या चुका टाळा

उभयचर एटीव्ही म्हणजे कुठल्याही जमिनीवर जाणारी, सहा किंवा आठ चाकांची ती बुटकी, टबासारखी गाडी, जमिनीवर चालते आणि तळ्यात घातली की तरंगतेही. ती पहिल्यांदा चालवताना माणूस हमखास एक चूक करतो, कारचं स्टिअरिंग धरावं तसा लिव्हर अर्धा ओढून तसाच धरून ठेवतो. मीपण तेच केलं. इथे कॅनडात, ऑन्टारिओत एक जुनी सहाचाकी सेकंडहँड घेतली, पहिल्याच आठवड्यात दलदलीच्या कडेकडेने एक लांबच लांब वळण घेत होतो, थोड्या वेळाने जळका वास यायला लागला आणि मग गाडी डावीकडे वळेचना. म्हटलं गेला गिअरबॉक्स, बसले पैसे. गिअरबॉक्सला काही झालं नव्हतं, डावा ब्रेक तापून हातचा गेला होता.

या गाड्यांमध्ये चाकं वळतच नाहीत हो. बैलगाडी कशी वळते ते आठवा, आतल्या बैलाचा कासरा खेचला की तो जागच्या जागी थबकतो आणि बाहेरचा फेरा मारतो, तसंच. डावीकडची सगळी चाकं चेनने एकमेकांना बांधलेली, उजवीकडचीही तशीच, आणि डावा किंवा उजवा लिव्हर ओढून ब्रेकने ती बाजू मंद केली की गाडी चाकं फरफटवत त्या बाजूला वळते. म्हणजे जो ब्रेक तोच स्टिअरिंग. ब्रेक गेला तर गाडी थांबणार नाही हे ठीक, पण वळणारही नाही, हे नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही.

आता दुसरी चूक, आपल्या गाडीत कुठल्या जातीचं ट्रान्समिशन आहे हे न बघता दुसऱ्याचा सल्ला ऐकणं. कॅनडातल्या न्यू हॅम्बर्गची आर्गो, जी १९६७ पासून बनतेय, तिच्या नेहमीच्या मॉडेलात डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही बाजूंना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच असतो. डावी बाजू ब्रेकने अडवली की तिकडची गती उजवीकडे जाते आणि उजवी चाकं जवळपास दुप्पट वेगाने फिरतात, म्हणून वेगात असताना लिव्हर खसकन ओढला तर गाडी गर्रकन फिरते आणि आत बसलेले एकमेकांच्या अंगावर. अमेरिकेतल्या मॅक्स, अॅटेक्स अशा जुन्या गाड्यांमध्ये बोर्ग-वॉर्नर कंपनीचा टी-२० नावाचा गिअरबॉक्स सापडतो, तिथे लिव्हर थोडा ओढला की त्या बाजूचा क्लच सुटतो, ती बाजू मोकळी होते, आणि आणखी ओढला की मग ब्रेक लागतो. आर्गोच्या नव्या अॅडमिरल ट्रान्समिशनमध्ये तीन डिफरन्शिअल आहेत, तिथे वळतानाही दोन्ही बाजूंना ताकद जात राहते. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

हा फरक सगळ्यात जास्त कळतो उतारावर, आणि या बाबतीत कोकणात पॉवर टिलर चालवलेला माणूस माझ्यापेक्षा हुशार निघेल. आमच्या मामांचा टिलर होता, ते सांगायचे, उतरताना डावा क्लच दाबलास तर उजवीकडे जाशील. कारण उतारावर इंजिन गाडीला ओढत नसतं, उलट मागे धरून ठेवत असतं, मग ज्या बाजूचा क्लच सोडला ती बाजू मोकळी होऊन पुढे पळते आणि गाडी उलट्या दिशेला तोंड करते. क्लच-ब्रेक जातीच्या एटीव्हीतही अगदी हेच होतं. लिव्हर अर्धवट ओढलात की फसलात. लो गिअर आधीच टाकून उतरायचं, आणि वळायचंच असेल तर लिव्हर मधल्या मोकळ्या जागेत न रेंगाळता ब्रेक लागेपर्यंत ओढायचा. डिफरन्शिअलवाल्या गाडीत हा उलटा प्रकार होत नाही, पण म्हणून तिथला सराव घेऊन टी-२० वर बसू नका.

परत ब्रेककडे, कारण माझ्या अंदाजाने निम्म्या तक्रारी इथेच संपतात. अर्धा लिव्हर धरून ठेवला की पॅड डिस्कवर सतत घासत राहतात, उष्णता जायला वाव मिळत नाही, टबाच्या आत वाराही लागत नाही, ब्रेक ऑइल उकळतं, लिव्हर स्पंजासारखा लागतो आणि वळण गायब. म्हणून ओढा, सोडा, ओढा, सोडा, छोट्या छोट्या टप्प्यांत वळा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ही गाडी तर पाण्यातच जाणार, तेव्हा ते वेळेवर बदला, आणि डॉट ३ किंवा ४ (हे ब्रेक ऑइलचे प्रकार) च्या सिस्टिममध्ये डॉट ५ ओतू नका, ते सिलिकॉनचं असतं, या दोघांचं जमत नाही. तळ्यातून बाहेर आल्यावर दोन्ही लिव्हर चार-पाच वेळा हलके ओढून पॅड सुकवून घ्या, नाहीतर पहिल्याच वळणाला झाडाशी ओळख होते.

तपासायची सोपी रीत म्हणजे गाडी भक्कम स्टँडवर उचलायची, सगळी चाकं हवेत, इंजिन बंद, न्यूट्रल, मग एकाने डावा लिव्हर पूर्ण ओढायचा आणि दुसऱ्याने डावं चाक हाताने फिरवून बघायचं. फिरलं तर दोष ब्रेकमध्ये, म्हणजे पॅड, लाइनमधली हवा, नाहीतर सिलिंडरचं सील. गिअरबॉक्सचं नाव अजून काढायचं नाही.

दुसरा मोठा गोंधळ बेल्टचा. इंजिन आणि ट्रान्समिशनच्या मध्ये सीव्हीटीचा, म्हणजे आपोआप गिअर बदलल्यासारखं करणाऱ्या पुलींचा रबरी बेल्ट असतो, स्कूटरला असतो तसाच. सरळ जाताना गाडी छान पळते, वळताना मात्र इंजिन किंचाळतं आणि गाडी जागची हलत नाही, मग लोक म्हणतात स्टिअरिंग बिघडलं. अहो, वळताना सगळी चाकं आडवी फरफटवायची असतात, तेव्हाच सगळ्यात जास्त ताकद लागते, त्यामुळे झिजलेला, चकाकी आलेला किंवा ओला बेल्ट नेमका वळणावरच घसरतो. चिखलात हाय गिअरमध्ये रेटत राहणं हे बेल्ट जाळायचं सगळ्यात पक्कं काम. ओला झाला असेल तर न्यूट्रलमध्ये थोडा वेळ रेस करून सुकवा, जळका-चकचकीत झाला असेल तर बदला, आणि रुंदी मापून बघा.

टायरची हवा हा विषय किरकोळ वाटतो पण नाही. यात हवा असते अगदी कमी, दोन ते पाच पीएसआयच्या घरात, आणि कारचा गेज तिथे काही कामाचा नाही, कमी दाबाचा वेगळा घ्या. एका बाजूची चाकं चेनने बांधलेली, त्यातलं एक कमी फुगलेलं असलं तर त्याचा घेर लहान, म्हणजे ते एका फेऱ्यात कमी अंतर कापणार आणि बाकीच्यांशी भांडत राहणार, ताण सगळा चेनवर. पूर्ण बाजूचीच हवा कमी असेल तर गाडी सरळ रस्त्यावर त्या बाजूला ओढते आणि आपण दिवसभर उलटा लिव्हर मारून ब्रेक जाळतो. टेपने घेर मोजा, गेजपेक्षा तो खरं बोलतो. आणि डांबरी रस्त्यावर जागच्या जागी गोल फिरून शायनिंग मारू नका, चिखलात चाक घसरतं म्हणून सगळं वाचतं, डांबरावर तोच भार टायर, चेन आणि अॅक्सल खातात. आठचाकी लांब असल्यामुळे तिला हा त्रास सहाचाकीपेक्षा जास्त.

चेनबद्दल थोडक्यात, कटकट आवाज आला की टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आवळून गप्प बसवू नका, आधी मापा. ५/८ इंची पिचची (दोन पिनांमधल्या अंतराची) चेन असेल तर २० कड्या ३१७.५ मिमी भरायला हव्यात, ३२४ च्या आसपास गेली म्हणजे २ टक्के ताणली, बदलायची वेळ झाली, आणि स्प्रॉकेटचे दाते आकडीसारखे झाले असतील तर तेही सोबतच बदला, नाहीतर जुने दाते नवी चेन खाऊन टाकतात.

गिअर बदलताना गाडी पूर्ण थांबवा. आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, जास्त असेल तर बेल्ट सुटत नाही, आतले शाफ्ट फिरतच राहतात, मग करकर करून दाते झडतात. लोक दोष गिअरबॉक्सला देतात, दुरुस्ती मात्र आयडलच्या स्क्रूची असते.

गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. हे कसं होतं तर तासभर चालवून तापलेली गिअरबॉक्सची पेटी थंड तळ्यात जाते, आतली हवा आकसते, आणि ब्रेदर (आतली हवा जा-ये करायची वाट) बुजलेला किंवा त्याची नळी खाली लोंबत असेल तर सीलमधून, नळीतून पाणी आत ओढलं जातं. नळी टबात जितकी वर बांधता येईल तितकी वर बांधा. पाण्यात जाण्याआधी तळाचे ड्रेन प्लग लावलेत का बघा, हे सांगायला लाज वाटते पण विसरणारे खूप आहेत, आणि टबात पाणी साठलं की सगळ्यात आधी चेन बुडतात.

भारतात २०२५ च्या पंजाबच्या पुरात अमृतसरकडे लष्कराची जी माणसाएवढ्या चाकांची आतोर एन १२०० ही उभयचर गाडी फिरत होती, तीपण चाकं न वळवताच वळते, हा सगळा प्रकार तिथेही तोच.

माझ्या गाडीचं म्हणाल तर डावे पॅड, ब्रेक ऑइलची एक बाटली आणि उजवीकडच्या टायरचा एक बारीक पंक्चर, ज्याच्यामुळे मी आठवडाभर डावा लिव्हर ओढत बसलो होतो. गिअरबॉक्सचे बोल्ट अजून सोडलेले नाहीत.