ग्रँड कॅन्यनच्या वेशीवर फुकट मुक्काम: जंगलातली जागा कशी शोधायची

लाँग वीकेंड जवळ आला की ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या आसपासच्या मराठी घरांतून एकच तक्रार ऐकू येते. ग्रँड कॅन्यनला जायचं होतं, पण पार्कमधलं मॅथर कॅम्पग्राउंड कधीच भरलं आणि टुसायानच्या हॉटेलांचे दर बघून बेत रद्द केला. मी चँडलरला राहते. अशी तक्रार कानावर आली की त्या माणसाला बसवून घेते आणि नकाशा उघडते. टुसायान गाव संपतं तिथे कायबाब राष्ट्रीय वन सुरू होतं. तिथे झाडांखाली तंबू ठोकून राहायला पैसे लागत नाहीत, बुकिंग लागत नाही, कुणाची चिठ्ठी लागत नाही. आणि साउथ रिमचं, म्हणजे कॅन्यनच्या दक्षिण कडेचं, प्रवेशद्वार तिथून अगदी जवळ आहे.

माझे सासरे कोल्हापूरहून आले होते तेव्हा त्यांना हे पटेचना. दाजीपूरला नाक्यावर नोंद केल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि रात्री राहायचं म्हणजे तर आणखी विचारणा, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. गाडीत बसताना पुन्हा म्हणाले, "अगं, पण फॉरेस्टवाल्यांची परवानगी काढलीस ना? रात्री उठवायला आले म्हणजे?" मी म्हटलं, "बाबा, इथे परवानगी काढावी लागत नाही. नियम पाळायचे, एवढंच." अंधार पडेपर्यंत त्यांचं लक्ष रस्त्याकडेच होतं.

याचं मूळ कायद्यात आहे. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्क केंद्र सरकारच्या इंटिरियर (अंतर्गत) खात्याकडे, आणि तिथे ठरलेल्या जागेवरच राहता येतं. फॉरेस्ट मात्र कृषी खात्याच्या अखत्यारीत. १९०५ साली वनसेवा सुरू झाली तेव्हापासून या जमिनीवर लाकूडतोड, गुरं चारणं, शिकार, भटकंती हे सगळं एकत्र चालत आलंय. सोयी नसलेल्या जागी, ठरवलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर राहण्याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. कायबाबला आणि शेजारच्या कोकोनिनो वनात ३० दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. फुकट आहे, कारण तिथे काहीच नाही. नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबा नाही. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी खुशाल हॉटेल शोधावं.

जागा घरी बसून शोधायची

माझं ठाम मत आहे की जागा घरी, जेवणाच्या टेबलावर शोधायची असते. तिथे पोचल्यावर फक्त खात्री करायची. संध्याकाळी जंगलात शिरून "बघू कुठे मिळते" म्हणत फिरणारी माणसं शेवटी चुकीच्या रस्त्यावर, कुणाच्या तरी खासगी जमिनीत किंवा ओलसर खोलगट भागात मुक्काम करतात.

कामाला येतो तो नकाशा म्हणजे मोटर व्हेइकल यूज मॅप. प्रत्येक वनाच्या वेबसाइटवर तो फुकट मिळतो. अव्हेन्झा नावाच्या ॲपमध्ये उतरवून घेतला की सिग्नल नसतानाही आपण कुठे आहोत ते निळ्या टिंबाने दिसतं. दिसायला हा नकाशा अगदी रुक्ष असतो. काळा-पांढरा, डोंगर नाहीत, झाडं नाहीत, नुसत्या रेषा आणि आकडे. पण कायद्याने महत्त्व त्यालाच आहे. जो रस्ता या नकाशावर नाही, तो गाडीला बंद. मग जमिनीवर तो कितीही मळलेला दिसो, त्यावर टायरचे कितीही ठसे असोत. नकाशा जवळ बाळगून तो पाळण्याची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची असते. त्यामुळे "पाटी नव्हती" हे कारण चालत नाही.

नकाशा उघडल्यावर आधी त्याच्या खुणांची सूची वाचा. काही रस्त्यांच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग दिसेल. त्या पट्ट्यात मुक्कामासाठी गाडी रस्त्यावरून खाली उतरवून आत नेता येते. किती आत, हे नकाशातच लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ३०० फूट. जिथे ठिपके नाहीत तिथे गाडी रस्त्याच्या अगदी कडेला लावायची. तंबू मात्र सामान हातात घेऊन आत चालत जाऊन ठोकता येतो. मला खरं तर हाच प्रकार जास्त आवडतो. शंभर पावलं चाललं की धूळ आणि गाड्यांचा आवाज दोन्ही मागे पडतात, आणि इतकं चालायची तयारी फार थोड्या लोकांची असते. नकाशासोबतच्या तक्त्यात कोणता रस्ता कोणत्या तारखांना खुला तेही दिलेलं असतं. तो तक्ता वाचल्याशिवाय हिवाळ्यात किंवा वसंतात निघू नका.

मग जमिनीची मालकी तपासा. ॲरिझोनाच्या नकाशांवर बहुतेक वेळा राष्ट्रीय वन हिरवं, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्राच्या जमीन खात्याची जमीन पिवळी, राज्याची ट्रस्ट जमीन निळी आणि खासगी पांढरी दाखवतात. हिरव्यात आणि पिवळ्यात फुकट राहता येतं. निळ्यासाठी राज्याच्या भूमी खात्याचा परवाना लागतो. फ्लॅगस्टाफहून कॅन्यनला जाताना व्हॅले गावाच्या आसपास रान मोकळं दिसतं, कुंपणही फारसं नाही. पण तिथे निळे आणि पांढरे तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत. मोकळं दिसलं म्हणून तिथे थांबू नका, पुढे हिरव्यापर्यंत जा.

तिसरी पायरी म्हणजे उपग्रहाचं चित्र. नकाशावर पसंत पडलेला रस्ता गूगलच्या सॅटेलाइट दृश्यात उघडायचा आणि सावकाश सरकवत न्यायचा. रस्त्याला लागून झाडांमध्ये भाकरीएवढा फिकट गोल ठिपका दिसला आणि त्याकडे जाणारी छोटीशी वाट दिसली, की समजायचं तिथे लोक आधी राहून गेलेत. अशीच जागा हवी. कोऱ्या गवतावर नवा तंबू ठोकू नये. तिथली माती कोरडी आणि नाजूक असते, एकदा दबली की गवत परत यायला वर्षं जातात. कॅलटोपो या नकाशांच्या वेबसाइटवर त्याच ठिकाणच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा बघून घ्या. रेषा एकमेकींपासून लांब असतील तर जमीन सपाट. मी असे चार-पाच ठिपके खुणा करून ठेवते, कारण पहिल्या जागी कुणीतरी आधीच असणार हे धरून चालावं.

नकाशावर एखाद्या नावापुढे "टँक" लिहिलेलं दिसलं तर ते गुरांसाठी बांधलेलं मातीचं तळं असतं. चित्रात सुंदर दिसतं, तिथेच राहावंसं वाटतं. राहू नका. जिथे जनावरांना दुसरं पाणी नाही तिथे पाण्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करून त्यांची वाट अडवणं ॲरिझोनात गुन्हा आहे. पठारावर पाणी इतकं कमी की एल्क (सांबरासारखी मोठी हरणं), साधी हरणं, गुरं सगळी रात्री त्या एकाच तळ्यावर येतात. आपण काठावर दिवे लावून बसलो तर ती तहानलेली परत फिरतात.

आता उदाहरण. टुसायानच्या दक्षिणेला, हायवे ६४ वरून पूर्वेकडे फॉरेस्ट रोड ३०२ फुटतो. कच्चा, पण रुंद. कोरड्या दिवसांत आमची साधी टोयोटा सेडान आरामात जाते. सुरुवातीच्या जागांवर मोठाल्या आरव्ही (आत राहायची सोय असलेल्या गाड्या) आणि गर्दी असते, म्हणून बरेच लोक निराश होऊन तिथूनच परततात. आणखी थोडं आत जा. पॉन्डेरोसा पाइनची उंच झाडं, खाली सुयांचा जाड थर, आणि दोन मुक्कामांमध्ये भरपूर अंतर. फाट्यांवर पाट्यांकडे लक्ष ठेवा. पाटीवर रस्त्याचा आकडा आडवा लिहिलेला असेल तर साधी गाडी बहुधा जाते. आकडे एकाखाली एक उभे लिहिलेले असतील तर तो रस्ता उंच गाडीसाठी. सेडानवाल्यांनी ही एवढी खूण पाठ केली तरी पुष्कळ त्रास वाचेल.

पोचल्यावर

सूर्य मावळायच्या किमान दोन तास आधी पोचा. गाडीतून उतरल्यावर आधी वर बघा. वाळलेलं पाइन उभंच्या उभं राहतं आणि वाऱ्याच्या एखाद्या झोताने आडवं होतं. सुया नाहीत, साल गळून पडलीय, खोडाला सुतारपक्ष्यांची भोकं आहेत, असं झाड दिसलं तर त्याच्या उंचीच्या दीडपट लांब राहा. मग खाली बघा. जमिनीवर पाण्याने ओढलेल्या रेघा असतील तर पावसात तिथून ओहोळ वाहतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये इथेही मॉन्सून असतो. दुपारी ढग दाटून येतात, विजा कडाडतात आणि तासाभरात चिकण मातीचा रस्ता असा होतो की चाकं जागच्या जागी फिरतात. त्या दिवसांत मुख्य रस्त्यापासून फार आत जाऊ नये.

पठार सुमारे ७,००० फुटांवर आहे. फिनिक्समध्ये घाम गाळून निघालेली माणसं चादरी घेऊन येतात आणि पहाटे कुडकुडतात. मे महिन्यातही रात्रीचा पारा गोठणबिंदूच्या जवळ जातो. चांगली स्लीपिंग बॅग आणि खाली घालायला जाड मॅट हवीच. पाणी माणशी दिवसाला चार लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरा, धुण्याला वेगळं. पार्कच्या व्हिजिटर सेंटरला बाटल्या भरून मिळतात. स्वयंपाकाचं एक सांगते. या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्या. दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात, पण आमटी-भात होतो. उरलेलं अन्न, टूथपेस्टसुद्धा, रात्री गाडीत बंद.

आग आणि शौच

या दोन गोष्टी मी जरा जोर देऊन सांगणार आहे, कारण या जागा बंद होतात त्या यांच्यामुळेच.

मे-जून हे इथले सर्वांत कोरडे महिने. तेव्हा वनखातं टप्प्याटप्प्याने आगीवर निर्बंध लावतं. पहिल्या टप्प्यातच डिस्पर्स्ड जागांवर शेकोटी बंद होते. बंद-चालू करता येणारी खटकी असलेला गॅसचा स्टोव्ह सहसा चालतो, पण त्या आठवड्याचा आदेश वाचूनच निघा. निर्बंध नसतील तर जुन्या दगडी चुलीतच लाकडं लावा, नवी चूल मांडू नका. विझवताना माती टाकून जाऊ नका. मातीखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो. भरपूर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची पाठ राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून पाणी. तेवढं पाणी वेगळं ठेवायला जमणार नसेल तर शेकोटी पेटवूच नका.

शौचासाठी छोटं खोरं न्या. वाट, मुक्काम आणि पाणी यांपासून २०० फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा, काम झालं की त्याच मातीने बुजवायचा. टॉयलेट पेपर जाड पिशवीत घालून परत आणायचा. तो जाळायचा नाही, हे मी मुलांनाही बजावते. जून २०२२ मध्ये फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला एका मुक्काम करणाऱ्याने टॉयलेट पेपर जाळून दगडाखाली ठेवला. वारा सुटल्यावर त्यातून पाइपलाइन फायर पेटली आणि २६,००० एकरांहून जास्त रान जळालं. त्याच पावसाळ्यात जळक्या उतारांवरून आलेले पुराचे लोंढे गावातल्या घरांत शिरले. ज्यांचा त्या मुक्कामाशी काही संबंध नव्हता, त्यांच्या दारात वाळूच्या पोत्यांच्या भिंती उभ्या राहिल्या.

सेडोनाच्या पश्चिमेला पूर्वी रस्त्याकडेला कुठेही राहता यायचं. कचरा आणि नवनव्या चाकोऱ्या इतक्या वाढल्या की आता तिथे नेमून दिलेल्या जागांवरच राहू देतात. फ्लॅगस्टाफजवळच्या फ्रीडलाइन प्रेअरी रस्त्यावरही ठरलेल्या, खुणा केलेल्या जागाच घ्याव्या लागतात. त्यामुळे जुन्या ओळखीच्या माणसाने सांगितलं किंवा आयओव्हरलँडर या मुक्कामाच्या जागा सांगणाऱ्या ॲपवर कुणीतरी टाकलं, एवढ्यावर विसंबू नका. त्या नोंदीची तारीख बघा. आणि तुम्हाला एखादी निवांत जागा सापडली तर तिचे अक्षांश-रेखांश सगळ्या ग्रुपवर टाकू नका. ज्याला खरंच जायचंय त्याला नकाशा वाचायला शिकवा.

निघायच्या आधी, शक्यतो गुरुवारी, रेंजर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे वनखात्याच्या त्या भागातल्या, ऑफिसला फोन करा, कारण शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी कुणी उचलत नाही. तीन गोष्टी विचारा. आगीचा टप्पा कोणता, आमच्या आकड्याचा रस्ता खुला आहे का, आणि त्या भागात वनखात्याने मुद्दाम लावलेली आग किंवा झाडतोड चालू आहे का. फोनवरची माणसं अगत्याने बोलतात, इंग्रजी अडखळलं तरी थांबून ऐकतात. नॉर्थ रिमच्या (कॅन्यनच्या उत्तर कडेच्या) बाजूला जाणार असाल तर हा फोन टाळूच नका. २०२५ च्या जुलैत ड्रॅगन ब्राव्हो आगीत तिथलं ग्रँड कॅन्यन लॉज जळालं, आणि आगीनंतर कोणता भाग बंद आहे, कोणता खुला झालाय, ते आदेशाच्या ताज्या प्रतीवरूनच कळतं. ती प्रत फोनमध्ये उतरवून घ्या आणि हायवे ६४ वर संध्याकाळी गाडी हळू चालवा. एल्क अंधारात अचानक रस्त्यावर येतात.