होम थिएटरचा बेस कसा तपासावा आणि कसा सुधारावा

इंदूरच्या सुदामानगरातील आमची बैठकीची खोली १४ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. तिथे होम थिएटर बसवले तेव्हा सोफ्यावर बसून मला चित्रपटातला स्फोट फुसका वाटे, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या दारातून पत्नी "अहो, आवाज कमी करा" म्हणून ओरडे. सबवूफर (बेस, म्हणजे खालचे खोल स्वर वाजवणारा स्पीकर) लहान पडतो असे ठरवून मी जेल रोडवर जाऊन ८ इंचीच्या जागी १० इंची घेऊन आलो. दारातला दणका वाढला, सोफ्यावरचा होता तिथेच राहिला. आम्ही दोघेही खरेच बोलत होतो, हे मला आवाज मोजल्यावर समजले.

या विषयावर मिळणारे बरेचसे सल्ले लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ भिंती असलेल्या घरांना समोर ठेवून दिलेले असतात. त्या भिंती खालच्या आवाजाला थोड्या लवतात, काही भाग शोषतात आणि काही बाहेर जाऊ देतात. आपल्याकडची ९ इंची विटांची भिंत आणि वरचा काँक्रीटचा स्लॅब मात्र तो आवाज जवळजवळ तसाच परत खोलीत फेकतात. त्यामुळे आपल्या खोल्यांत बेस सहसा कमी नसतो. तो काही जागी साचतो आणि काही जागी नाहीसा होतो. राजवाड्याजवळच्या एखाद्या जुन्या, लाकडी तक्तपोशीच्या वाड्यात हाच संच अगदी वेगळा वाजेल, आणि खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडालाही तो वाजलेला कळेल. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आपली खोली काय करते आहे हे पाहावे.

तारा आणि बटणे

सुरुवात कंटाळवाण्या कामाने करावी. प्रत्येक स्पीकरची लाल तार रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या मुख्य यंत्राच्या) लाल टोकाला आणि काळी काळ्याला गेली आहे ना, हे पाहावे, कारण एकच जोडी उलटी लागली तरी दोन स्पीकर एकमेकांचा बेस खातात. तारांवर खूण नसेल तर त्या रिसीव्हरपासून सोडवाव्यात आणि १.५ व्होल्टच्या सेलचे धन टोक लाल मानलेल्या तारेला व ऋण टोक दुसरीला क्षणभर टेकवावे. स्पीकरचा पडदा बाहेरच्या बाजूला उचलला गेला तर तार बरोबर आहे. सबवूफर रिसीव्हरच्या सबवूफर आउटपुटला जोडलेला असेल तर त्याच्या पाठीवरचे क्रॉसओव्हरचे (कोणत्या कंपनाखालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारे) बटण शेवटपर्यंत वर फिरवून ठेवावे, अन्यथा तोच आवाज दोनदा गाळला जातो. बाकीचे स्पीकर बुकशेल्फ आकाराचे असल्यास रिसीव्हरच्या मेनूमध्ये ते 'स्मॉल' नोंदवावेत, म्हणजे त्यांचा बेस सबवूफरकडे जातो. यात कमीपणा काही नाही. ज्याला झेपते त्याने ते काम करावे इतकाच त्याचा अर्थ.

काहीच वाजत नसताना सबवूफरमधून सतत घुर्र असा आवाज येत असेल तर तो बहुधा विजेचा ५० किंवा १०० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या कंपनांचा) गुणगुणाट असतो. टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि सबवूफर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्याने तो पुष्कळदा जातो. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये.

खोलीचे गणित आणि मोजणी

आवाज समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकला की काही ठरावीक कंपनांना स्थिर तरंग तयार होतो. त्यांपैकी सर्वांत खालचे कंपन काढण्याची सोपी युक्ती अशी: ५६५ या आकड्याला खोलीच्या मापाने, फुटांत, भागावे. आमच्या खोलीत १४ फुटांसाठी सुमारे ४० हर्ट्झ, १२ फुटांसाठी ४७ आणि उंचीच्या १० फुटांसाठी साधारण ५६ येतात. त्यांच्या दुपटीलाही असेच घडते. (जानेवारीच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी आवाजाच्या वेगात सुमारे ५ टक्क्यांचा फरक पडतो, पण त्यासाठी ऋतूप्रमाणे सोफा हलवण्याची गरज नाही.) यांतल्या सर्वांत खालच्या कंपनांचा दाब भिंतीलगत सर्वाधिक आणि खोलीच्या नेमक्या मध्यावर जवळजवळ शून्य असतो. मागे जेवणाचे टेबल ठेवायचे म्हणून आमचा सोफा लांबीच्या बरोबर मध्यावर, ७ फुटांवर आला होता, आणि स्वयंपाकघराचे दार मागच्या कोपऱ्यात आहे. भांडणाचे मूळ एवढेच होते.

मोजणीसाठी २० ते २०० हर्ट्झपर्यंतचे वेगवेगळे स्वर आणि मींडेसारखा खालून वर सरकत जाणारा एक स्वर लागतो. अशा फाइल इंटरनेटवर फुकट मिळतात. पंखा, एसी आणि कूलर बंद करावेत. आवाज लहान ठेवून सुरुवात करावी, कारण एकच शुद्ध स्वर मोठ्याने फार वेळ वाजवल्यास स्पीकरचे व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळू शकते, आणि ३० हर्ट्झखाली तर लहान वूफर आवाज न देता नुसताच धापा टाकतो. मीटर किंवा मोबाइलवरचे ॲप डोके जिथे टेकते त्या उंचीवर धरावे आणि त्यात 'सी' मापन व 'स्लो' निवडावे. बऱ्याच ॲपमध्ये आधीपासून असणारे 'ए' मापन ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा करते, त्यामुळे धडधडीत बेससुद्धा कागदावर बेपत्ता दिसतो. मोबाइलचा माइकही खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. तरी एकाच फोनने सोफ्यावर आणि दारात घेतलेल्या आकड्यांची तुलना पुरेशी बोलकी ठरते. ज्यांना नीट आलेख हवा त्यांनी यूएसबीचा मोजणीचा माइक घेऊन 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे.

३० ते १२० हर्ट्झपर्यंत ५-५ च्या अंतराने वहीत आकडे लिहावेत. माझ्या वहीत सोफ्यावरचा आकडा इतर स्वरांना ७५ डेसिबलच्या आसपास असताना ४० हर्ट्झला ६१ वर उतरलेला आहे. दारात त्याच स्वराला ८० पेक्षा जास्त भरले. वहीचे ते पान मी जपून ठेवले आहे, कारण नंतरची प्रत्येक हालचाल त्याच्याशी ताडून पाहता येते.

आधी माणूस हलवावा, मग सबवूफर

सगळ्यात जास्त फरक बसण्याच्या जागेने पडतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. सोफा खोलीच्या मध्यावर नसावा आणि मागच्या भिंतीला चिकटलेलाही नसावा. आम्ही तो २ फूट मागे, टीव्हीच्या भिंतीपासून ९ फुटांवर नेला. जेवणाचे टेबल आडवे फिरवावे लागले, त्यावर चार दिवस चर्चा झाली, पण ४० हर्ट्झचा खड्डा बऱ्याच अंशी भरून निघाला.

त्यानंतर सबवूफरची जागा शोधावी. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या जागी, शक्यतो सोफ्यावरच ठेवावा, बेस भरपूर असलेले आणि एकाच लयीत चालणारे काहीतरी लावावे आणि आपण भिंतीच्या कडेने, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून, रांगत फिरावे. दोन जागांमधला आवाजाचा प्रवास उलटसुलट सारखाच असल्यामुळे जिथे आपल्याला बेस भरीव आणि सगळे स्वर सारखे ऐकू येतील, तिथे ठेवलेला सबवूफर सोफ्यावर तसाच ऐकू येतो. हे करताना घरातली मंडळी हसतात, ते सहन करावे. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा लागेल, परंतु मोठा आणि चांगला यांत गल्लत करू नये. कोपरा जवळजवळ प्रत्येक स्थिर तरंगाला जागे करतो. डग्ग्याची थाप ऐकावी: घुमारा उमटून विरला पाहिजे, पुढची थाप पडेपर्यंत तो तसाच गुरगुरत राहिला तर जागा चुकली आहे.

दोन सबवूफर घेण्याची ऐपत असेल तर एक फार मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम बरे. ध्वनी उपकरणे बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या दोन भिंतींना, प्रत्येकीच्या मध्याशी एक असे ठेवलेले दोन सबवूफर निरनिराळ्या जागी बसलेल्या श्रोत्यांपर्यंत बेस पुष्कळच सारखा पोचवतात असे दिसले होते.

जुळवणी

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करावी. मग ८० हर्ट्झचाच स्वर पुढचे स्पीकर आणि सबवूफर दोन्हींतून वाजवून एकाने सोफ्यावर बसावे आणि दुसऱ्याने सबवूफरवरचे फेजचे (त्याची कंपने बाकीच्या स्पीकरांशी जुळवणारे) बटण ० वरून १८० वर न्यावे. ज्या बाजूला आकडा मोठा येईल ती बाजू ठेवावी. रिसीव्हरच्या स्वयंचलित मोजणीने सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवले तर ते 'दुरुस्त' करू नये, कारण सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो. या मोजणीच्या वेळी माइक सोफ्याच्या पाठीवर आडवा न टाकता स्टँडवर कानाच्या उंचीला उभा करावा.

उरलेल्या चढ-उतारांसाठी इक्वलायझर (ठरावीक कंपनांचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) वापरावा, पण केवळ उंचवटे उतरवण्यापुरता. खड्डा भरण्यासाठी १० डेसिबल वाढवायचे तर ॲम्प्लिफायरला १० पट शक्ती द्यावी लागते, आणि स्थिर तरंगाने खाल्लेली जागा तरीही रिकामीच राहते. भिंतीवर डकवलेला २ इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे यांचा टाळीच्या प्रतिध्वनीवर परिणाम होईल, बेसवर होणार नाही: ४० हर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे २८ फूट असते. कापडात नीट बंद केलेले ४ ते ६ इंच जाडीचे रॉकवूल कोपऱ्यांत उभे केले तर साधारण १०० हर्ट्झच्या वर थोडी मदत होते.

आता सरकता स्वर पुन्हा एकदा, जरा मोठ्याने वाजवावा आणि या वेळी स्पीकर सोडून घर ऐकावे. आमच्याकडे ६३ हर्ट्झच्या आसपास स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची ताटे एकमेकांना लागून झणझणत, आणि कित्येक महिने मी तो दोष सबवूफरच्या पडद्याचा मानत आलो होतो. ताटांच्या मागे जुन्या चादरीची घडी सरकवली. खिडकीची काच, लोखंडी कपाटाचे दार आणि भिंतीवरच्या तसबिरी यांचीही अशीच झडती घ्यावी.

शेवटची परीक्षा मी आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या एखाद्या विलंबित ख्यालाने घेतो. खाँसाहेब मंद्रात कितीही खोल उतरले तरी आवाज समोरच्या स्पीकरांच्या मधोमधच उभा राहिला पाहिजे, आणि सबवूफरला कान लावला तर फार तर तानपुऱ्याच्या खर्जाची पुसट गुणगुण ऐकू यावी. गाणारा माणूस सबवूफरच्या दिशेला सरकल्यासारखा वाटला तर क्रॉसओव्हर आणखी १० हर्ट्झने खाली आणावा आणि फेजची तपासणी त्या नव्या आकड्यावर पुन्हा करावी.