वाळीत टाकल्यास तक्रार कशी लिहावी

कोकणातली गावकी किंवा अन्यत्र जात पंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते, तेव्हा त्याच्या हाती बहुधा चिठोराही पडत नाही. बैठकीत ठरते आणि दुसऱ्या दिवसापासून माणसे बोलेनाशी होतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि त्याने या अबोल्याची फोड वेगवेगळ्या कृत्यांत केली आहे. तक्रारही तशीच फोड करून लिहावी.

त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी आणि तारीख, जागा, कोणी काय नाकारले व तेव्हा कोण हजर होते, हे नोंदवत जावे. दुकानदाराने किराणा दिला नाही, अंत्ययात्रेला कोणी आले नाही, समाजमंदिर लग्नासाठी मिळाले नाही, शिमग्याची पालखी दारावरून तशीच पुढे गेली, यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र लिहावी. उत्सवाची वर्गणी मागायला कोणी आले नाही, हेही लिहावे. शहरातल्या माणसाला त्यात पैसे वाचल्यासारखे वाटेल, पण आपण गावात मोजले जात नाही, हे वाळीत पडलेल्याला त्यातूनच कळते. पंचांनी दंड मागितला असेल, तर रक्कम आणि मागणाऱ्यांची नावे नोंदवावीत.

तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावी. गुन्हा दखलपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बैठक व्हायची असेल, तर ती रोखण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच अर्ज करावा.

बहिष्कार धर्माच्या नावाने असेल, तर शब्द जपून वापरावेत. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ च्या, म्हणजे धर्मपंथांना आपले धार्मिक व्यवहार स्वतः चालवण्याचा हक्क देणाऱ्या कलमाच्या, आधारे रद्द केला होता, आणि २०२३ मध्ये त्या निकालाचा फेरविचार करण्याचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. म्हणून श्रद्धेच्या वादात न शिरता व्यवहारातले कोणते हक्क गेले, तेवढेच मांडावे.

बहुतेक तक्रारदारांना पंच तुरुंगात जाण्यापेक्षा आपली माणसे परत हवी असतात. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्यास तडजोड होऊ शकते. मात्र तिच्या मसुद्यात ‘सलोख्याने राहू’ असे मोघम वाक्य चालवून घेऊ नये, तर येत्या शिमग्याला पालखी दारी थांबेल आणि वर्गणी घेतली जाईल, असे स्पष्ट लिहून घ्यावे.