छोट्या सीएनसीवर सागवानात बारीक नक्षी कशी कोरायची

देवघरासाठी मी खंडोबाची पाटी केली, घोड्यावर बसलेला, हातात खांडा, मागे म्हाळसा, १५० बाय २०० मिलिमीटर, आणि घरी जो येतो तो आधी विचारतो की कुठून करून आणली. घरच्या ३०१८ सीएनसीवर केलीय, म्हणजे कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून फिरती बिट (कापणारं टोक) चालवून लाकूड कोरणारी मशीन, तीच ३०० बाय १८० मिलिमीटरवाली छोटी. इंदूरला खंडोबा घरोघरी, होळकरांचं कुलदैवतच ते, त्यामुळे आता नातेवाईकांना पण हवीय, म्हणून कसं करायचं ते सगळं लिहितोय.

लाकूड आधी. जुन्या दारा-चौकटीचं सागवान मिळालं तर तेच घ्या, आरा मशीनवाल्याकडे विचारून ठेवायचं, वर्षानुवर्षं वाळलेलं असतं त्यामुळे कोरल्यावर वाकत नाही. पण त्यावर आधी लोहचुंबक फिरवा, आत मोडका खिळा राहिलेला असतो आणि बारीक बिट त्यावर आपटली की संपली. सागात सिलिका असते, बिटची धार लवकर जाते, एक जास्तीची आणून ठेवा. सराव एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) करायला हरकत नाही, फक्त त्याची धूळ फार वाईट, मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही लागतात.

मॉडेल शक्यतो एसटीएल घ्या, म्हणजे मूर्तीच्या उंच-सखल आकाराची थ्रीडी फाइल. बरेच जण साध्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून खोली काढतात पण त्यात राखाडीच्या २५६ च पायऱ्या असतात, ८ मिलिमीटर खोलीत वाटल्या तर एक पायरी ०.०३ मिलिमीटरची, गालासारख्या सपाट उतारावर त्या रेघा दिसतात, आणि जेपीजी असेल तर वर पुरळ आल्यासारखे दाणे. २० मिलिमीटर जाड फळीला ६ ते ८ खोली पुरते.

फळी बसवायला मी बेडवर मास्किंग टेप, फळीच्या खाली पण मास्किंग टेप, आणि मधे फेवीक्विक असं करतो, वर क्लॅम्प नाही म्हणजे बिट कशाला धडकत नाही.

मग रफिंग, म्हणजे जास्तीचं लाकूड आधी ढोबळ काढणं, ३ मिलिमीटरची सपाट एंड मिल (सपाट टोकाची बिट), एका वेळी १ मिलिमीटर खोल, ०.५ मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवून. एवढ्यात आकार कळायला लागतो, चेहरा नाही.

आता बिट बदलायची आणि इथेच माझी पहिली पाटी गेली. एक्स-वायला (आडव्या-उभ्या जागेचा शून्य) हात लावायचा नाही, झेड (उंचीचा शून्य) फक्त परत घ्यायचा, पण तो कुठे घ्यायचा? मी घेतला कोरून झालेल्या भागावर, तो मूळ पृष्ठभागापेक्षा खाली होता, त्यामुळे सगळं फिनिशिंग तेवढंच खोल उतरलं आणि घोड्याचं तोंड कापलं गेलं. तेव्हापासून फळीचा एक कोपरा न कोरता ठेवतो, दोन्ही बिटचा शून्य तिथेच, खाली कागद सरकवून, कागद जेमतेम अडकला की बस. मधेच लाइट गेली तरी हाच कोपरा कामाला येतो, एक्स-वायचा शून्य पण त्याच कोपऱ्यावर ठेवलेला असतो.

फिनिशिंगला टेपर्ड बॉल नोज, म्हणजे निमुळती, गोल टोकाची बिट, टोकाची त्रिज्या ०.५ मिलिमीटर. सगळी बारीकी दोन ओळींमधल्या अंतरावर आहे, म्हणजे स्टेपओव्हर. ०.१ ठेवला तर १५० मिलिमीटर रुंदीत १५०० ओळी, प्रत्येक २०० लांब, म्हणजे बिट ३०० मीटर चालणार, मिनिटाला १००० मिलिमीटरच्या फीडनं (बिट पुढे सरकण्याचा वेग) पाच तास, वळताना मशीन हळू होते त्याचा वेळ वेगळा. ०.२ केला तर वेळ निम्मा. मी चेहरे आणि आयाळीसाठी ०.१ घेतो, मागच्या मोकळ्या जागेला ०.२, दोन वेगळे टूलपाथ (बिटचे मार्ग) करून. बिटनं रेशांच्या दिशेनं जायचं, आडवं गेलं की सागाचे तंतू उपटतात आणि खांड्याचं टोक किंवा नाक असलं काही बारीक असेल ते तुटून उडतं. म्हणून मॉडेल असं ठेवा की खांडा रेशांबरोबर लांब पडेल. बिटचा आवाज ऐका, सुरसुर चालली तर बरोबर, किरकिर करायला लागली तर फीड कमी करा नाहीतर धार गेलीय.

मशीन लॅपटॉपवरून चालते, त्यामुळे त्याचं स्लीप बंद केलंय ना, ते आधीच बघा. चार तासांनी स्क्रीन काळी होऊन मशीन मधेच थांबलेली बघितली की फार जीवाला लागतं. मशीन एकटी सोडून झोपायला पण जाऊ नका.

झाल्यावर चेहऱ्याला पॉलिश पेपर लावू नका, पापणी आणि ओठ पुसले जातात. नायलॉनचा ब्रश किंवा जुना टूथब्रश रेशांच्या दिशेनं, घोड्याच्या लगामाच्या खोबणीत राहिलेली फुसं लाकडी टूथपिकनं काढायची. मग जवसाचं तेल, पातळ, कापडानं, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या नाहीतर खोबणीत चिकट राहतं. आणि ती तेलकट कापडं बोळा करून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, उघडी पसरून बाहेर दोरीवर वाळत घाला.