वजन वाढलंय? आधी मागच्या चाकाची हवा बघा

चार-पाच वर्षांनी सायकल बाहेर काढून कामावर जाणार असाल, तर आधी टायर बघा. बसल्यावर बहुतेक भार मागच्या चाकावर येतो. वजन वाढलेलं असताना हवा जुन्याच अंदाजानं भरली, तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर ठरलेलं. टायरच्या कडेला दाबाची मर्यादा पीएसआयमध्ये छापलेली असते. ती न ओलांडता मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवा. रबराला बारीक भेगा दिसल्या तर टायर बदलाच, त्यात काटकसर नको. ब्रेकचे रबरही तपासा, वाढलेल्या वजनाला थांबायला जास्त अंतर लागतं.

सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली की गुडघे बोलायला लागतात.

कोल्हापुरात असाल तर पहिला आठवडा सकाळी रंकाळा तलावाच्या कडेनं सपाट रस्त्यावर चालवा. विद्यापीठाकडचा चढ नंतर. तिथंही चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका आणि दम लागला तर खुशाल उतरून चाला. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र तिथंच थांबून डॉक्टर गाठा. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर सुरुवात करण्याआधीच त्यांना विचारा.